आपलं पाकीट आपण उघडायचं नाही

मोठं माणूस गेलं की त्याच्यावरचा पानभर लेख तासाभरात कसा छापून येतो, याचं वाचकांना फार आश्चर्य वाटतं. त्यात आश्चर्य कसलं? लेख आधीच लिहिलेला असतो. माणूस जिवंत, हिंडताफिरता, आणि इकडे त्याचा मृत्युलेख जन्मापासून पुरस्कारांपर्यंत तयार. रिकामी असते ती फक्त एक तारीख. संपादकबाईंच्या वर्तमानपत्रात अशा लेखांना पाकिटं म्हणत, आणि ती जिथे ठेवत त्याला कपाट. पूर्वी ते खरोखरच लोखंडी कपाट होतं आणि आत खाकी पाकिटं असत. पुढे सगळं संगणकात गेलं, नावं तीच राहिली.

कपाटाला एक नियम होता आणि तो संपादकबाईंनीच घालून दिला होता. आपलं पाकीट आपण उघडायचं नाही. एका थोर गृहस्थांनी ओळख काढून आपला मृत्युलेख मागवला, त्यात सतरा दुरुस्त्या सुचवल्या आणि शिवाय फोटो बदलून मागितला, तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला होता. मेल्यावर तरी माणसाने दुसऱ्याला बोलू द्यावं, असं त्या म्हणत. पाकीट कोण लिहितं, त्यासाठी कुणाकुणाला भेटतं, हेही ज्याचं पाकीट त्याला कळू द्यायचं नाही, असं नियमाचं पोटकलम होतं.

त्या सोमवारी सकाळी बातमी आली, की नाटकवाल्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. आजी म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या दिग्दर्शिका. अर्ध्या रंगभूमीला त्यांनी चालायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या रंगभूमीशी त्यांचं भांडण होतं. संपादकबाईंनी चहाचा पेला बाजूला सारला आणि आजींचं पाकीट ताजं आहे ना, हे बघायला कपाटाची यादी उघडली. ज्यात शेवटी बदल झाला ते पाकीट सगळ्यात वर दिसायचं. सगळ्यात वर बाईंचं स्वतःचं नाव होतं.

शेवटचा बदल शुक्रवारी. शब्द चौदाशे.

आपलं पाकीट नऊशे शब्दांचं आहे हे बाईंना ठाऊक होतं. उघडून पाहिलं नव्हतं, नियम म्हणजे नियम. पण आकडा यादीत दिसायचा आणि तो सहा वर्षं जागचा हलला नव्हता. आता एका शुक्रवारात कुणी पाचशे शब्दांनी वाढत नाही. बाई मेल्या नव्हत्या, निवृत्त झाल्या नव्हत्या, गेल्या वर्षात त्यांना साधी शालही कुणी पांघरली नव्हती. मग यांना नवं असं काय कळलं?

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण नवं असं एकच होतं, आणि ते बाईंच्या समजुतीप्रमाणे दोनच माणसांना माहीत होतं. त्यांच्या गळ्याला उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ आली होती. आदल्या सोमवारी थोरल्या बहिणीच्या रुग्णालयात सुई घालून तपासणी झाली. थोरली बहीण म्हणजे कुणी ऐरीगैरी नव्हे. लहान मुलांच्या हृदयावरच्या शस्त्रक्रियांचा विभाग तिने शून्यातून उभा केला होता. अक्रोडाएवढी हृदयं ती शिवायची, आणि शिवलेल्यांपैकी काहींची मुलं आता शाळेत जात होती. सगळं रुग्णालय तिला 'मोठ्या डॉक्टर' म्हणायचं. बाई तिला ताई म्हणायच्या, आणि ती बाईंना 'टिपकागद'. लहानपणी घरात कुठे काही सांडलं, कुणी काही बोललं, की धाकटीने ते टिपून घेतलंच म्हणून समजा.

तपासणीचा निकाल ताईने बुधवारी फोनवर सांगितला होता. "साधी गाठ आहे गं. काही करायचं नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

बुधवारी बाईंना हायसं वाटलं होतं. सोमवारी तीच वाक्यं वेगळी ऐकू यायला लागली. ताई कधी तीन वाक्यांत आटपते का? साधी सर्दी झाली तरी अर्धा तास डोकं खाणारी बाई! आणि आवाज कसा होता? बसलेला, दाटून आल्यासारखा. आधी दोन रविवार ती जेवायला आलीच नव्हती. काल आली, चिमणीसारखं खाल्लं, आणि निघताना बाईंना जवळ घेऊन दारात उभीच राहिली, सोडेचना. "अगं, मी काय परदेशी चाललेय?" असं बाई हसून म्हणाल्या होत्या. आता त्यांना वाटलं, ताईला ठाऊक आहे मी कुठे चाललेय ते.

म्हणजे हिशेब जुळला. गाठ साधी नाही. ताईने ते आपल्यापासून लपवलं, पण दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं, आणि त्या कुणीतरी लगेच पाकीट भरायला घेतलं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. बाईंची अडचण अशी, की तीस वर्षं त्यांनी सूत पकडून खरोखरच स्वर्ग गाठले होते. एका गाडीच्या नंबरावरून त्यांनी दोन मंत्र्यांना घरी बसवलं होतं. सहसा बरोबर ठरणाऱ्या माणसाला एकदा संशय आला, की त्याला समजावणारं कुणी उरत नाही.

कपाटाचं काम सहसंपादिकेकडे होतं. कचेरी तिला मुंगी म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि तिची काही तक्रार नव्हती. कारखान्याचं विष पिण्याच्या पाण्यात उतरतंय, हे तिने चार वर्षं घरोघरच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, तपासून आणून सिद्ध केलं होतं. कारखाना बंद पडला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, की आता बाटल्या धुऊन ठेवायला हव्यात. तिला बाईंनीच घडवलं होतं. दोन वर्षांनी आपल्या खुर्चीत हीच बसणार, हेही बाईंनीच संचालकांना सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांनी. आज नव्हे.

मंगळवारी मुंगी दारात येऊन म्हणाली, "बाई, आज लवकर घरी जा ना. पहिलं पान मी बघते."

"का? मी आजारी दिसते?"

"नाही हो. जरा दमलेल्या वाटता."

"दमलेली आणि आजारी यांत किती शब्दांचा फरक असतो गं?"

मुंगीचा चेहरा क्षणभर पडला. ती निघून गेली, आणि बाईंनी त्या पडलेल्या चेहऱ्याची मनात नोंद केली. काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं. बाईंना आता सगळं काळं दिसत होतं. मुंगीने चहात साखर कमी घातली की वाटायचं, हिला पथ्य कुणी सांगितलं? जास्त घातली की वाटायचं, आता काय फरक पडतो म्हणून घातली असेल!

कचेरीच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. कोण बाहेर कुठे गेलंय ते ज्याने त्याने त्यावर लिहून जायचं. त्या दुपारी मुंगीने लिहिलं, 'ग्रंथालय, तीन ते पाच.' बुधवारी सकाळी बाईंच्या पाकिटात अठराशे शब्द होते. शुक्रवारी पुन्हा ग्रंथालय, शनिवारी एकवीसशे. ग्रंथालयात जाऊन मुंगी बाईंबद्दल असं कोणतं पुस्तक वाचत होती?

मधल्या काळात नाटकवाल्या आजी खडखडीत बऱ्या झाल्या आणि त्यांनी रुग्णालयातूनच फोन लावला.

"माझं पाकीट काढलं होतंत ना? खोटं बोलू नका. काय लिहिलंय?"

"आजी, नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. कौतुक पुरेसं आहे ना, एवढंच सांगा."

"भरपूर आहे."

"त्याचा उपयोग नाही," आजी म्हणाल्या. "मी पहिलं नाटक बसवलं तेव्हा मी कशी होते, हे सांगणारं आता कुणी उरलंच नाही. सगळ्या साल्यांनी माझ्याआधी एक्झिट घेतली. तुम्ही छापाल ते पुरस्कार. त्यात मी कुठे?"

एरवी बाईंनी हे वाक्य टिपून ठेवलं असतं. त्या दिवशी त्यांचं अर्धं लक्ष काचेपलीकडे होतं. मुंगी कचेरीच्या तंत्रप्रमुख बाईशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि बाईंनी वर पाहताच दोघी गप्प झाल्या.

पुढच्या मंगळवारी फळ्यावर ग्रंथालय आलं तसं बाईंनी घड्याळात सव्वातीन होऊ दिले आणि ताईच्या रुग्णालयात फोन केला. बाहेरच्या टेबलावरची स्वागतिका बाईंना ओळखत होती, भोळीही होती.

"मोठ्या डॉक्टर आत बसल्यात. दार लावून घेतलंय. पेपरच्या त्या ताई आल्यात ना नेहमीच्या, तुमच्याच कचेरीतल्या!"

नेहमीच्या.

बाईंनी संध्याकाळी ताईला फोन लावला. आवाज त्यांनी अगदी लोण्यासारखा मऊ ठेवला होता. मोठमोठ्यांना त्यांनी याच आवाजात बोलतं केलं होतं. "काय मग, दुपारी काय केलंस?"

"काय करणार? पेशंट, सह्या, कटकटी. का गं?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर दिवे लागत होते, बसथांब्यावर रांग वाढत होती. मरण येतंय, हे त्यांनी गेल्या आठवड्यात जवळजवळ पचवलं होतं. हजार पाकिटं हाताखालून गेलेली; आपलं उघडायची वेळ कधीतरी येणारच. पण ताई खोटं बोलली, हे काही केल्या घशाखाली उतरेना. बाईंच्या धंद्यात एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, दुसऱ्याकडून खात्री करायची असते. आईवडील गेल्यानंतर या जगात एकच माणूस असं होतं, ज्याचं बोलणं बाई खात्री न करता घेत. तेच माणूस आता त्यांच्या कचेरीतल्या बाईला दार लावून त्यांची माहिती पुरवत होतं. बाईंना राग आला होता, हे खरं. पण रागाच्या खाली त्यांना रडू येत होतं, हे जास्त खरं.

बुधवारी सकाळी त्या तंत्रप्रमुखाकडे गेल्या. वर्तमानपत्राची सगळी संगणकव्यवस्था या बाईने एकहाती बांधली होती. इतर वर्तमानपत्रं तिची नक्कल करत आणि ती त्यांच्या चुका काढून त्यांना पाठवत असे. सगळ्या किल्ल्या तिच्याकडे म्हणून तिचं नाव पडलं होतं कुलूपवाली.

"माझं पाकीट उघडून दे."

"नाही उघडणार."

"मी संपादक आहे."

"म्हणूनच. कुलूप मी लावलंय पण नियम तुमचा आहे. खाली सही तुमची आहे. दाखवू?" कुलूपवालीने तोंडातली पेन्सिल काढली. "बाई, एवढं वाटतंय तर मुंगीला सरळ विचारा ना."

"सरळ विचारलं की लोक सरळ खोटं बोलतात."

"मग तुम्ही फार वर्षं पत्रकारिता केलीत," असं म्हणून तिने पेन्सिल पुन्हा तोंडात घातली.

हीसुद्धा सामील, असं बाईंनी ठरवून टाकलं.

शेवटी शुक्रवार उजाडला. दुपारी दीडला सगळी कचेरी जेवायला खाली गेली. मुंगीची एक सवय बाईंना ठाऊक होती. तिला पडद्यावर चुका दिसत नसत. ती सगळं कागदावर छापून घ्यायची, शिसपेन्सिलीने सुधारायची आणि खणात ठेवायची. खणाला कुलूप नव्हतं, कारण या कचेरीत कुणी कुणाचा खण उघडत नसे. बाईंनी आयुष्यभर लोकांची बिंगं उघडी पाडली होती, पण खण कधी उघडला नव्हता. हात लावताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून त्या थांबल्या मात्र नाहीत.

सात पानं होती. वर त्यांचंच नाव. आपल्या खोलीत येऊन बाईंनी दार लावलं, चष्मा पुसला आणि लाल पेन हातात घेतलं. लाल पेनाशिवाय त्यांना काही वाचताच येत नसे.

पहिलं पान जुनंच होतं, पदं आणि पुरस्कार. आजाराबद्दल अक्षर नव्हतं. बाई चक्रावल्या. त्यांनी भराभर पुढची पानं चाळली. गाठ नाही, तपासणी नाही, 'दीर्घ आजाराने' नाही. मग इतके शब्द कसले? तिसऱ्या पानावर त्यांना ते सापडले.

'वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी एक वर्तमानपत्र काढलं. पानं चार, प्रत एक, वाचक एक. पहिल्याच अंकात आईवडिलांच्या भांडणाची बातमी होती आणि त्यात दोन्ही बाजू दिल्या होत्या. दुसऱ्या अंकावर वडिलांनी बंदी घातली. तो अंक गच्चीवर वाटला गेला.'

बाई हे विसरून गेल्या होत्या. पूर्ण विसरल्या होत्या. पुढच्या परिच्छेदावर मात्र त्यांचे कान तापले.

'दहाव्या वर्षापर्यंत त्या अडखळत बोलत. वर्गात मुली हसत. थोरली बहीण रोज संध्याकाळी त्यांना न्हाणीघरात नेऊन, नळ सोडून, मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला लावी. नळाच्या आवाजात आपलं अडखळणं आपल्याला ऐकू येत नाही, हा शोध बहिणीचाच. पुढे हजारोंच्या सभा जिंकणारा आवाज असा घडला.'

हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. नवरा गेला तो हे न कळताच गेला. ताईने ते मुंगीला दिलं! इतक्या वर्षांची झाकली मूठ हिने दुसऱ्याच्या टेबलावर उघडली! आणि तेवढ्यात त्यांच्या नजरेने, तीस वर्षं चुका हुडकून तयार झालेल्या नजरेने, परिच्छेदाच्या शेवटची ओळ पकडली.

'ही आठवण त्यांच्या भगिनी, दिवंगत बालहृदय-शल्यविशारद, यांनी सांगितली होती.'

दिवंगत!

खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला. सापडली! मुंगी सापडली! जिवंत माणसाला मेलेलं लिहिणं, यापेक्षा मोठी चूक या धंद्यात नाही. अशा चुकीवर बाईंनी माणसं घरी पाठवली होती. त्यांनी शब्दाभोवती लाल गोल काढला, पुन्हा काढला, आणि समासात ठसठशीत लिहिलं, 'तथ्य चूक. बहीण हयात आहे. कुणी तपासलं?' मग पानं चाळली. पाचव्या पानावर तीच चूक. सातव्यावर तीच. तिन्ही ठिकाणी लाल गोल.

दोन वाजता मुंगी जेवून आली तेव्हा बाई तिच्या टेबलाशी उभ्या होत्या, हातात सात पानं.

"आत ये."

मुंगीने पानांकडे पाहिलं, उघड्या खणाकडे पाहिलं आणि ती आत आली. दार बाईंनीच लावलं.

"तू माझ्या बहिणीकडे जातेस. फळ्यावर ग्रंथालय लिहितेस आणि तिच्याकडे जातेस."

"हो."

"माझ्या पाठीमागे."

"पाकीट पाठीमागेच लिहायचं असतं, बाई. तुम्हीच शिकवलंत."

"आणि हे काय लिहिलंयस? हे?" बाईंनी पान तिच्या नाकासमोर धरलं. "माझी ताई दिवंगत? रोज रुग्णालयात जाते ती, रविवारी माझ्याकडे जेवून गेली! चार वर्षं बाटल्या तपासणारी तू, तुला जिवंत माणूस तपासता येत नाही? एकदा नाही, तीनदा! ही चूक करणारीच्या हातात मी पेपर द्यायचा?"

मुंगी काही बोलली नाही. सबब सांगितली नाही, माफी मागितली नाही. तिने नुसतं बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी आयुष्यात हजार मुलाखती घेतल्या असल्यामुळे त्यांना हे गप्प बसणं ओळखता आलं. खोटं बोलणारा कधी इतका वेळ गप्प बसत नाही.

"बाई, बसा जरा."

"उभीच बरी आहे."

"ती चूक नाहीये," मुंगी म्हणाली. "मी आधी 'सांगतात' असं लिहिलं होतं. ताईंनी वाचून दुरुस्त करायला लावलं. म्हणाल्या, हे छापून येईल तेव्हा मी नसणार, हे नक्की आहे. आत्ताच नीट लिहून ठेव, नंतर घाईत चुकशील." तिने बाईंची खुर्ची पुढे ओढली. "त्यांनीच मला बोलावलं होतं. शपथ घातली होती. मंगळवार-शुक्रवार औषध घ्यायला येतात तेव्हा सुई लावलेली असते, हात अडकलेला असतो, पण बोलता येतं. तेव्हा सांगत होत्या."

"कसलं औषध?" बाईंनी विचारलं. पण उत्तर त्यांना कळलं होतं. बसलेला आवाज. दोन चुकलेले रविवार. चिमणीसारखं जेवण. दारातली ती मिठी. सगळे पुरावे बाईंनी बरोबर गोळा केले होते, एकही सुटला नव्हता. फक्त ते सगळे स्वतःच्या नावावर मांडले होते.

रुग्णालयात जायला पाऊण तास लागला. स्वागतिका काही म्हणायच्या आत बाई दार ढकलून आत गेल्या. आतल्या छोट्या खोलीत ताई आरामखुर्चीत पडली होती. दंडाला नळी, पायांवर शाल, नाकावर चष्मा, आणि मांडीवर कुणा बाळाच्या हृदयाचा आलेख. शस्त्रक्रिया तिने दोन महिन्यांपूर्वीच थांबवल्या होत्या, हे बाईंना वाटेत मुंगीकडून कळलं होतं. सगळ्या शहराला माहीत असेल. टिपकागदाला माहीत नव्हतं.

या खोलीत संपादकबाई कुणी नव्हत्याच. होती ती फक्त धाकटी, आणि ती दारात उभी राहून हातातली पानं चुरगाळत होती.

ताईने आधी तिच्याकडे आणि मग पानांकडे पाहिलं. "उघडलंस ना पाकीट? नियम मोडलास."

"तू मला सांगितलं नाहीस."

"माझी गाठ बघ, असं म्हणत तू आली होतीस. घाबरून पांढरीफटक पडली होतीस. त्या दिवशी सांगू? तुझी गाठ साधी निघाली, तेव्हा म्हटलं चला, एक काळजी मिटली. मग रोज उद्यावर ढकलत गेले." ताईला दम लागला, ती थांबली. "शस्त्रक्रियेआधी आईबापांना सांगायची मला चाळीस वर्षांची सवय आहे. तुला सांगायला जमेना."

"आणि त्या मुंगीला जमलं?"

"ती माझी कुणी नाही. म्हणून जमलं." ताईने मोकळा हात पुढे केला. "अगं, तू आठ वर्षांची कशी होतीस हे मला सोडून कुणाला माहितीय? मी गेले की तू थेट संपादक म्हणूनच जन्माला आलीस असं छापतील. दाखव, काय खुणा केल्यास?"

धाकटीने पानं दिली नाहीत. ताईने ती ओढून घेतली, मांडीवर सरळ केली आणि लाल गोलापाशी येऊन समासातलं वाचलं. तथ्य चूक. बहीण हयात आहे. कुणी तपासलं? ती हसली. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला.

"आजच्या तारखेला बरोबर आहे," ती म्हणाली.

धाकटी खुर्ची ओढून जवळ बसली. गेले दोन आठवडे तिने तारखा मोजल्या होत्या, शब्द मोजले होते, चेहरे वाचले होते, बहिणीला फोन करून तिला बोलण्यात पकडायला पाहिलं होतं. तू कशी आहेस, एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. याची तिला इतकी शरम वाटली, की वर बघवेना. तिने नळी लावलेला तो हात धरला. केवढीशी हृदयं शिवणारी ती बोटं बर्फासारखी गार पडली होती. काही बोलायला गेली तर पहिलाच शब्द अडखळला, दहाव्या वर्षापूर्वी अडखळायचा तसा. ताई वाट पाहत राहिली. तिला घाई नव्हती. ती पूर्वीही अशीच वाट पाहायची.

"ताई," शेवटी धाकटीने विचारलं, "फार दुखतं का गं?"

"हो," ताई म्हणाली.